तुटका आवाज आणि खिडकीतले पाच फोन

सून कामाला बसली की आतल्या खोलीचे दार लावून घेते. तिचे काम बोलण्याचे आहे. पुण्यातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या लोकांना ती कॉम्प्युटरवरून फोन करते. टाके कोरडे आहेत का, ताप येतो का, गोळ्या जेवणाआधी घेता की नंतर, असे विचारते आणि लिहून ठेवते. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा तिला हे काम लागले. तीन महिने बघू, मग कायम करू, असे तिथल्या मॅडम म्हणाल्या होत्या.

मी ओसरीत साड्यांना फॉल लावत बसते. बाळ माझ्यापाशी असते. ओसरी आणि ती खोली यांच्यामध्ये एक खिडकी आहे. पडदा लावलेला असला तरी तिचा आवाज बाहेर येतो. घरात ती आमच्यासारखीच बोलते, पण कानाला हेडफोन लागला की "आपली तब्येत आता कशी आहे" असे सुरू होते. पहिल्या आठवड्यात मला वाटायचे, आत कोणी दुसरीच बाई येऊन बसली आहे.

महिनाभर सगळे नीट चालले. मग आवाज तुटायला लागला. मला बाहेर तो नीट यायचा, पण पलीकडच्या माणसाला तुकडे तुकडे पोचायचे, आणि त्याचे बोलणे हिच्या कानात तुकडे तुकडे यायचे. एका म्हाताऱ्या बाबांनी तिला विचारले, "पोरी, तुला उचकी लागली का? आधी पाणी पी, मग माझे टाके बघ." हे तिने जेवताना सांगितले तेव्हा आम्ही दोघी हसलो. पुढच्या आठवड्यात हसू आले नाही. गोळीचे नाव तीनतीनदा सांगावे लागे. काही जण वैतागून फोन ठेवून देत.

आमची वस्ती निरवांगीच्या बाहेर रानात, शेताच्या लाईनीवर आहे. काही दिवस दिवसा लाईट असते, काही दिवस रात्रीची, तीही सारखी जाणारी. रात्रीची पाळी असली की दिवसभर घरात अंधार आणि पंखा बंद. सुनेच्या कामासाठी मुलाने छोटा इन्व्हर्टर बसवला. वस्तीवर दिवसा लाईट नसताना चालणारे घर तेवढे आमचेच. वायरमनने बसवताना मला बजावून सांगितले होते, "काकू, ह्या प्लगाला एकच वस्तू लावायची. लॅपटॉप. दुसरं काय लावलं तर मला बोलवायचं न्हाय." मी ते पक्के धरून ठेवले होते.

सुरुवातीला सूनच म्हणाली होती, "आत्या, तुमचा फोन बंद पडतोय तर हितं लावत जा की." हितं म्हणजे हबला. लॅपटॉपला वायरी घालायची भोके दोनच, त्यातले एक ढिले. म्हणून मुलाने सात भोकांचा हब आणला होता. त्यातच तिचा हेडफोन, माऊस आणि कॅमेरा असायचा. बाळ वायर ओढते म्हणून मुलाने लांब वायर घालून तो हब खिडकीच्या कट्ट्यावर चिकटवला. पडद्याच्या आत ती, बाहेर मी, मध्ये हब.

मग शेजारची अक्का एकदा फोन घेऊन आली. अक्का माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. वस्तीतल्या सगळ्या बायका तिला विचारून चालतात. म्हणाली, "लेकीचे दिवस भरत आलेत. फोन बंद ठिवून कसं चालंल? जरा लाव की तुमच्याकडं." मी लावला. प्लगाला नाही लावला, वायरमनने सांगितले होते ना. हबला लावला. हब म्हणजे प्लग नव्हे, असा माझा हिशोब. अक्कामागून तिची धाकटी जाऊ आली, मग विहिरीपलीकडच्या दोघी. माझा धरून पाच फोन झाले. हबाची भोके पुरेनात तेव्हा मी एक काढून दुसरा लावायची. सगळ्या वायरी सारख्याच काळ्या, म्हणून ज्याच्या त्याच्या वायरीला फॉलच्या दोऱ्यातला एकेक रंग बांधला. अक्काचा हिरवा.

खरे सांगायचे तर मला ते आवडत होते. मी बायकांत फारशी मिसळत नाही. विहारात वंदनेला गेले तरी सगळ्यांत मागे भिंतीला टेकून बसते, आणि कोणी काही विचारले की माझे शब्द घशातच राहतात. फोनच्या निमित्ताने बायका माझ्या ओसरीत येऊन बसायला लागल्या. मला बोलावे लागत नसे. त्या बोलायच्या, मी सुई चालवायची. बाळ एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर जायचे.

आवाज तुटतो म्हटल्यावर आधी वायफायवाल्याला बोलावले. त्याने फोनवर काहीतरी मोजले आणि म्हणाला, "नेट चांगलं हाय. लग्नाचा पिक्चर जाईल एवढं हाय." मग सुनेने हेडफोनची वायर पुसली, दुसऱ्या भोकात घालून पाहिली. कानाचे मऊ स्पंज निघाले होते, तेही शिवून दिले मी.

मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे. आठवड्याच्या सुट्टीला मोटरसायकलवरून येतो. त्या सुट्टीत तो दिवसभर लॅपटॉपपुढे बसला. आवाज आपोआप सुधारणारी काही सोय असते ती बंद केली. बॅटरी वाचवण्यासाठी कॉम्प्युटर हेडफोनला मध्येच झोपवतो म्हणे, तेही थांबवले. एक मोठा आकडा होता तो लहान केला. मग सुनेला म्हणाला, "बोल."

ती म्हणाली, "एक दोन तीन चार पाच."

त्याने ते परत ऐकवले. एक दोन तीन चार पाच, सगळे आकडे आले.

"झालं," तो म्हणाला. "तुझ्या आवाजातच खोट असंल तर मला म्हाईत न्हाय."

"माझ्या आवाजात खोट असती तर तुमी लगीन केलं नसतं," ती म्हणाली. माझे मालक बाहेरून म्हणाले, "त्यानं आवाज कुठं ऐकला होता, त्यानं पोह्याची प्लेट बघितली."

दोन दिवस चांगले गेले. तिसऱ्या दिवशी परत तसेच. मुलाच्या सुट्टीच्या दिवशी दिवसाची लाईट होती, हे तेव्हा आमच्या कोणाच्या डोक्यात आले नाही. लाईट असली की बायका आपापल्या घरी फोन लावायच्या, माझ्याकडे कोणी यायचे नाही. म्हणून त्या दिवशी आवाज नीट.

त्या आठवड्यात मॅडमनी सुनेच्या बोलण्याचे रेकॉर्डिंग ऐकले आणि तिला सांगितले की पंधरा दिवसांत आवाज सुधारला नाही तर पुण्याला ऑफिसात येऊन बसावे लागेल, नाहीतर काम दुसऱ्या मुलीला द्यावे लागेल. अंगावर पिणारे बाळ घेऊन ती पुण्याला कशी राहणार? आणि बाळ टाकून तर जाणार नाहीच. तिने लॅपटॉप मिटला. मोरीत तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. असे तिचे तीनदा झाले. मी बाळाला घेऊन दाराशी उभी राहायची. दार उघडले की टॉवेल पुढे करायची.

सांगवीला तिचे माहेर. तिच्या वडिलांनी तिला शिकवले ते एवढ्यासाठी की तिने दुसऱ्याच्या रानात खुरपे धरू नये. लग्न ठरवताना ते आम्हाला एवढेच म्हणाले होते की तिला काम करू द्या. मी तेव्हा मान हलवली होती.

मग आम्ही दोघी बाळाला घेऊन इंदापूरला गेलो. लॅपटॉप, हेडफोन, हब, सगळे एका पिशवीत. स्टँडमागे कॉम्प्युटर दुरुस्तीचे एक दुकान आहे. दुकानदार मुसलमान, वयस्कर. टेबलावर भिंग लावून तारांना बारीक डाग देत बसलेला असतो. त्याने सगळे जोडले, हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि सुनेला दाराबाहेर उभे राहून तिच्या मोबाईलवरून बोलायला लावले. अर्धा तास झाला. एकदाही तुटले नाही.

"ताई, हितं तर पोपटासारखं बोलतंय," तो म्हणाला. "यंत्र चांगलं हाय. खोट तुमच्या घरी हाय."

"घरी काय खोट असंल, चाचा?" सुनेने विचारले.

त्याने हब हातात घेऊन उलटा केला. "ह्याला घरी काय काय लावता?"

"हेडफोन, माऊस, कॅमेरा."

"अजून?"

"आत्यांचा फोन असतो कधीमधी."

"एकच ना?"

"एकच."

"एकानं एवढं व्हणार न्हाय," तो म्हणाला. "पण पोरी, चार-पाच फोन लावत असशील चार्जिंगला, तर आवाज तुटणारच. ह्या हबला स्वतःची लाईट न्हाय. लॅपटॉप देतो तेवढीच. तुमचं रान हाय का?"

"हाय की."

"एका मोटरीवर सगळ्या वावराचं ड्रिप एकदम सोडलं तर शेवटच्या झाडाला काय मिळतं? थेंब, मग काय न्हाय, मग परत थेंब. तुझा हेडफोन ते शेवटचं झाड."

सून म्हणाली, "न्हाय हो चाचा, एकच फोन असतो."

मी तिच्या शेजारी उभी होते. बाळाने माझ्या गळ्यातले मणी तोंडात घातले होते.  मला तेव्हाच सगळे कळले. कुठल्या दिवशी आवाज तुटतो, कुठल्या दिवशी नाही, ते सगळे एका ओळीत डोळ्यांपुढून गेले. बोलायला पाहिजे होते. एक शब्द पुरला असता, पाच. पण परका माणूस, भरलेले दुकान, आणि सून माझ्या बाजूने छातीठोक बोलत होती. मी गप्प राहिले.

एसटीत बाळ माझ्या मांडीवर झोपले. ती खिडकीशी बसून म्हणाली, "आत्या, आता काय करायचं वो?" मी म्हणाले, "बघू."

दोन दिवसांनी रात्रीच्या लाईटची पाळी आली. सकाळी अक्का बंद पडलेला फोन घेऊन हजर. लेकीला आदल्या दिवशी बारामतीला दवाखान्यात नेले होते. "आज उद्या व्हईल. फोन चांगला भरून ठिव, वाजला की मला हाक मार," असे सांगून ती तण भांगलायला रानात गेली. बाकीच्या तिघीही येऊन गेल्या. नाही म्हणायचे मी मनात म्हणून ठेवले होते. चूल पेटवताना, झाडताना म्हणून पाहिले होते. अक्का समोर आली तेव्हा माझा हात आपोआप पुढे झाला.

फोन घेतले. ज्याची त्याची वायर लावली, हिरवा दोरा, लाल दोरा, सगळे नीट. कट्ट्यावर ओळीने मांडले. फक्त वायरीची दुसरी टोके हबात घातली नाहीत. माझा स्वतःचाही लावला नाही.

आत सून बोलत होती. मी सुई हातात घेऊन बसले, पण एकही टाका घातला नाही. दहाचे अकरा झाले, अकराचे बारा. तिला कोणाला काही परत विचारावे लागत नव्हते. जेवायला बाहेर आली ती चेहरा उजळूनच.

"आत्या, एकदा बी तुटला न्हाय. चाचांनी काय केलं कुणास ठाऊक."

"साफ केलं असंल," मी म्हणाले.

तेव्हाही सांगता आले असते. पण ती किती दिवसांनी पोटभर जेवत होती. आणि मला वाटले, असेच चालवावे. फोन घ्यावेत, लावू नयेत, लाईट कमी होती म्हणावे. कोणाचेच मन दुखायला नको. असे मी खरेच ठरवले होते.

संध्याकाळी बायका रानातून परत आल्या. अक्काने फोन उचलला, बटण दाबले. परत दाबले.

"अगं, ह्यो तर बंदच हाय."

तिची जाऊ म्हणाली, "माझा बी."

तेवढ्यात अक्काचे मालक बांधावरून आले. त्यांच्या फोनवर आत्ताच जावयाचा फोन आला होता. मुलगी झाली, दुपारी बारालाच. जावई सकाळपासून अक्काला लावत होता. लेक कळा देताना आईशी बोलायचे म्हणत होती, फोन लागला नाही. मालकांचा फोन रानातल्या घोंगडीखाली, त्यांनाही कळले नाही.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. "दिवसभर तुझ्याकडं होता की गं."

"लावला न्हवता," मी म्हणाले.

"काय म्हणालीस?"

"लावलाच न्हवता अक्का. कुणाचाच न्हाय."

"मंग ह्यो दोरा बांधून काय आरती करत हुतीस का?" तिची जाऊ म्हणाली. एकीला हसू आले, तिने पदर तोंडावर घेतला. अक्का हसली नाही.

मी खाली बघून सगळे सांगितले. माझ्या आयुष्यात एवढे सलग मी कधी बोलले नसेन. फोन लावले की हेडफोनला लाईट पुरत नाही, आत तिचा आवाज तुटतो, आवाज तुटला तर तिचे काम जाणार, आणि मला तुम्हाला नाही म्हणता आले नाही. बोलता बोलता वर पाहिले तर खिडकीचा पडदा बाजूला झाला होता आणि सून हेडफोन गळ्यात अडकवून उभी होती.

अक्का म्हणाली, "न्हाय म्हणली असतीस तर मी गावात कुठं तरी सोय लावली असती. माझ्या लेकीला आवाज तरी गेला असता." आणि फोन घेऊन चालू लागली. वायर कट्ट्यावरच राहिली. बाकीच्याही गेल्या.

सून बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली. 

"किती फोन असायचे?"

"पाच."

"मी मोरीत रडत हुते तवा बी?"

"तवा मला ठावं न्हवतं गं. दुकानात कळलं."

"दुकानात कळलं तर एसटीत का सांगितलं न्हाय?"

 तिने बाळाला माझ्या मांडीवरून उचलले. मला वाटले, आता आत जाऊन दार लावून घेईल. पण ती तिथेच बसून त्याला पाजायला लागली. मग म्हणाली, "मी बी खिडकीतनं डोकं काढून कधी बघितलं न्हाय. बाहेर बायकांचा आवाज यायचा, मला बरं वाटायचं, आत्यांकडं कोण तरी येतंय म्हणून." थोड्या वेळाने म्हणाली, "पण परत असं करू नका. मला सांगा. तोंडानं न्हाय सांगता आलं तर कागदावर लिवा."

रविवारी मुलगा आला. त्याने वायरमनला फोन केला तेव्हा तो म्हणाला, इस्त्री आणि मिक्सरबद्दल बोललो होतो मी, मोबाईलचे काय एवढे, इन्व्हर्टरलाच बोर्ड लावा आणि सरळ त्यात फोन लावा, फक्त लॅपटॉपच्या वाटेला जाऊ नका. मी एवढे महिने एकच वस्तू म्हणून जपत बसले होते. मुलाने ओसरीत चार प्लगांचा बोर्ड ठोकून दिला. अक्काची जाऊ आणि विहिरीपलीकडच्या दोघी परत यायला लागल्या. अक्का आली नाही. तिची वायर मी दोऱ्यासकट गुंडाळून तिच्या घरी नेली, तर ती पाणी आणायला गेली होती. मालकांच्या हातात देऊन परत आले.

पंधराव्या दिवशी मॅडम सकाळी दहा ते एक सुनेचे प्रत्येक बोलणे पुण्यात बसून ऐकणार होत्या. त्याच दिवशी दिवसाची लाईट नव्हती. मी कोणाचाच फोन घेतला नाही. बोर्डाने काही होत नाही हे माहीत होते, तरी बोर्डही बंद ठेवला. आलेल्या बायकांना मी स्वतः सांगितले, "एक वाजूस्तोवर न्हाय." माझा आवाज बारीक निघाला, पण निघाला. त्या बरं म्हणून गेल्या. कोणी रागावले नाही.

अकराच्या सुमाराला अक्का आली. हातात फोन होता. बोर्डाकडे पाहिले, मग खिडकीच्या पडद्याकडे. आतून सून विचारत होती, "जखमेतून पाणी येतंय का, बाबा?"

अक्का हळूच म्हणाली, "आज परीक्षा हाय व्हय तिची?"

मी मान हलवली.

तिने फोन कमरेला खोचला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसली. बाळ रांगत तिच्याकडे गेले. ते ओरडायला लागले की ती त्याच्या तोंडापुढे हात हलवून त्याला गप्प करायची.  नातीचे विचारावेसे वाटत होते. दोन तास आम्ही तशाच बसलो. मध्ये एक ट्रॅक्टर गेला तेव्हा अक्का उठून रस्त्यापर्यंत गेली आणि हाताने त्याला हळू जा म्हणून खुणावून आली.

एक वाजून गेला. आतले बोलणे थांबले, मग परत सुरू झाले, या वेळी हळू आवाजात, मॅडमशी असावे. मग दार उघडले. सुनेच्या कानाच्या कडा हेडफोनने लाल झाल्या होत्या.

"कायम केलं," ती म्हणाली आणि खाली बसूनच गेली. "मॅडम म्हणाल्या, एकबी शब्द गेला न्हाय."

अक्काने कमरेचा फोन काढून माझ्यापुढे धरला. "घे, लाव आता. लेकीला फोन करायचा हाय," ती म्हणाली. "तू बी बोल तिच्याशी. फोन का लागला न्हवता, ते तूच सांग तिला."

मी फोन बोर्डाला लावला. भरेपर्यंत काय बोलायचे ते मनात जुळवत बसले.